आधी हात गरम करायचे

सकाळी ७

वॉर्डात शिरण्याआधी मी दोन्ही हात गरम पाण्याच्या नळाखाली धरते. मार्गशीर्षात रामटेकची सकाळ बोचरी असते. खिंडसी तलावाच्या बाजूने येणारं वारं हाडात शिरतं. रात्रभर जागलेल्या, उपाशीपोटी ठेवलेल्या माणसाच्या मनगटाला गार बोटं लागली की तो आक्रसतो. मग नाडी वाढलेली लागते, रक्तदाब वाढलेला दिसतो, आणि केसपेपरवर भलतेच आकडे चढतात.

आमचं रुग्णालय लहान आहे. दोन वॉर्ड, एक ऑपरेशन थिएटर, आणि ठरलेल्या वारी नागपूरहून येणारे सर्जन व भूलतज्ज्ञ. नागपूर इथून पन्नासेक किलोमीटरवर. तालुक्याच्या उत्तरेला, देवलापारच्या पुढे, पेंचचं जंगल सुरू होतं. तिकडच्या गोंड गावांतून येणाऱ्या माणसाला रामटेकचा बाजार ओळखीचा असतो, गडावरचं मंदिर ओळखीचं असतं. थिएटरचं दार मात्र त्याने जन्मात पाहिलेलं नसतं.

हिवाळा हा आमच्याकडे ऑपरेशनांचा हंगाम. धानाची कापणी-चुरणी आटोपते, हाती चार पैसे येतात, आणि वर्षभर लांबवलेलं दुखणं माणूस घेऊन येतो. थंडीत टाके लवकर भरतात असाही एक पक्का समज आहे.

आजच्या यादीत दोन नावं. पहिले देवलापारकडचे एक बाबाजी, हर्नियाचे. त्यांच्या भाषेत ‘आंत उतरते’. दुसऱ्या नगरधनच्या एक बाई, गर्भाशयाची पिशवी काढायची आहे. शिवाय वॉर्डात मनसरच्या मॅंगनीज खाणीतला एक कामगार आहे. अपेंडिक्स फुटून आला होता, ऑपरेशनचा आज तिसरा दिवस. रात्रपाळीच्या सिस्टरने सांगितलं, दुखतं म्हणून खोकतच नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात दिवसभर राहणार, कारण पोट फाडलेला माणूस खोकला नाही की छातीत कफ साचतो आणि तिथून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

सकाळी ७.३०

ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. रात्रीपासून काही खाल्लं-प्यालं का? दात हलतो का? कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठतात का? दागिने काढले का? त्यांच्यामागे मी माझे तीन प्रश्न जोडते. काय ऐकायला आवडतं? मी हात धरला, चोळला तर चालेल का? आत जाईपर्यंत जवळ कोण हवं?

हे प्रश्न छापील फॉर्मवर नाहीत. माझ्या मते ते असायला हवेत. रुग्णालयात पाऊल ठेवल्या क्षणापासून माणसाला फक्त सांगितलं जातं: झोपा, उठा, कपडे बदला, तोंड उघडा. त्याला काय हवं, हे विचारणारा प्रश्न बहुधा येतच नाही. भीतीचा मोठा भाग तिथून उगवतो असं मला इतक्या लोकांच्या उशाशी उभं राहून वाटतं.

बाबाजी आधी बोलेनात. मग त्यांच्या मुलाने सांगितलं, गावातल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. ‘‘तुकडोजी महाराजाचं भजन लावता का जी?’’ बाबाजींनी स्वतःच विचारलं.

विदर्भात हा प्रश्न नवलाचा नाही. यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज तरुणपणी याच रामटेकच्या रानात राहून गेले. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला ठेवून घेतलं, तेव्हा तिथल्या प्रार्थनेतही त्यांची भजनं झाली. आमच्या भागात पहाटेचा, सामुदायिक प्रार्थनेचा आवाज म्हणजे त्यांचा आवाज. संगीतोपचाराची पुस्तकं सांगतात की रुग्णाला ऐकवायचं संगीत संथ असावं, मिनिटाला साठ ते ऐंशी ठोके, शब्द शक्यतो नकोत. खंजिरी यातलं काहीच पाळत नाही. तरीही मी मोबाइलमध्ये भजनच शोधलं. ज्याची बोटं आयुष्यभर त्या तालावर चालली, त्याला तो ताल घरचा आहे.

नगरधनच्या बाईंनी मान हलवली. ‘‘मले कानात काही नोको बाई. का चालू हाये थे समजाले पायजे.’’

बरोबर आहे. संगीताचा गुण सांगणारी माणसं इथे हमखास आग्रह करतात, ‘ऐकून तर बघा’ म्हणतात. मी करत नाही. आवाज बंद ठेवणं हीही त्यांची निवड आहे, आणि काय चाललंय ते कळल्यानेच धीर येणारे बरेच असतात. केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलं: संगीत नको, सगळं सांगत राहणे. हात धरलेला चालेल.

सकाळी ८.१५

संमतिपत्र. मी ते वाचून दाखवते, डॉक्टर समजावतात, मग सही किंवा अंगठा. बाबाजींना सही येते, पण पेन कागदावर टेकेना. हात थरथरत होता, आणि मुलासमोर थरथरतो याची त्यांना लाज वाटत होती.

अशा वेळी मी एक खरी गोष्ट सांगते. जानेवारी १९२४ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अपेंडिक्सने ते आजारी पडले, त्यांना पुण्याच्या ससूनमध्ये आणलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. त्याआधी संमतीच्या निवेदनावर पेन्सिलीने सही करताना गांधीजींचा हात कापत होता. जवळ नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्री होते, त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. माझा हात बघा कसा थरथरतोय, हे आता तुम्हालाच नीट करायचं आहे, असं गांधीजी हसून मॅडॉकना म्हणाले. ऑपरेशनच्या मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. आजारपणाने आलेला अशक्तपणा असेल, मनातली धास्ती असेल, हात कापला आणि तरी सही झाली.

बाबाजी म्हणाले, ‘‘गांधीबाबाचा बी?’’ आणि सही केली. विजेचा भाग मी त्यांना सांगितला नव्हता. आमच्याकडे जनरेटर आहे, पण ऑपरेशनच्या सकाळी तो विषय नको.

सकाळी ९

थिएटरबाहेरचा बाक. पूर्ण दिवसातली सर्वांत अवघड वेळ ही, आणि याच वेळी रुग्णाजवळ बहुतेक कुणी नसतं. आत मांडणी चाललेली, भूलतज्ज्ञ औषधं भरतायत, सर्जन हात धुतायत, नातेवाईक लांब. इथली दहा-पंधरा मिनिटं मी राखून ठेवते. त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं तरी भांडते.

काय करायचं ते सोपं आहे, कसं करायचं ते शिकावं लागतं. समोर न उभं राहता बाजूला, रुग्णाच्या उंचीवर बसायचं. सलाईन नसलेला हात दोन्ही हातांत घ्यायचा. घाई नको, दाबण्याआधी नुसता धरून ठेवायचा, त्याची बोटं ढिली पडेपर्यंत. मग अंगठ्यांनी तळहाताच्या मध्यापासून बाहेर, एकेका बोटाच्या मुळापासून टोकाकडे, मनगटाभोवती गोल. तेल अजिबात नाही. तेलकट कातडीवर चिकटपट्ट्या धरत नाहीत, ईसीजीचे पॅच सुटतात, बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा सरकतो. तेल ऑपरेशननंतर. सुरुवातीला कोपऱ्यात वाटी घेऊन बसणाऱ्या नातेवाइकांची यावरून फार समजूत घालावी लागते, कारण इकडे अंगाला हात लावायचा म्हणजे जवसाचं तेल हवंच. देवलापारकडचे लोक तर मोहाच्या बियांचं तेल बाटलीत भरून आणतात.

वेगही महत्त्वाचा. आपल्या कातडीत, विशेषतः केसाळ भागात, संथ आणि हळुवार स्पर्शालाच जागे होणारे काही बारीक तंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीने हात फिरला तर ते चांगले चेतवले जातात. त्याहून झपाट्याने फिरवला तर त्यांचा प्रतिसाद मंदावतो. पुढच्या बाहूवरून मनगटापर्यंत हात फिरवायला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आमच्याकडच्या बायांना ही गती कुणी शिकवलेली नाही, पण त्यांचे हात नेमके याच गतीने फिरताना मी पाहिले आहेत.

बाबाजींच्या कानात भजन सुरू झालं. आवाज इतका बारीक ठेवायचा की माझं बोलणं त्यांना ऐकू यावं. हेडफोन प्रत्येक रुग्णानंतर पुसायचे, कानाच्या गाद्यांवर नवं कापड चढवायचं. गाणं सुरू झाल्यावर त्यांच्या उजव्या हाताची बोटं माझ्या तळहातावर हलायला लागली. ठेका धरला होता.

ऑपरेशनआधीच्या भीतीवर संगीताचा उपयोग होतो का, हे वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये २६ चाचण्या आणि २,०५१ रुग्ण एकत्र करून तपासलं. भीती कमी होते, असं त्यांना आढळलं. त्यातल्या एका मोठ्या अभ्यासात तर मिडॅझोलाम या गुंगीच्या औषधापेक्षाही संगीताने जास्त काम केलं होतं. आमच्यासारख्या ठिकाणी हे फार मोलाचं आहे. वयस्कर माणसाला गुंगीचं औषध जितकं कमी द्यावं लागेल, तितकी श्वासाची काळजी कमी.

सकाळी १०

पाठीतलं इंजेक्शन. बसवून, पाठ वाकवून, हनुवटी छातीला लावून स्थिर राहायचं असतं. पुढून खांदे धरायला मी उभी राहते. या वेळी हेडफोन काढून ठेवते, कारण भूलतज्ज्ञांचं ‘‘हलू नका’’ ऐकू यायला हवं. कमरेखालचं शरीर जड झालं, बधिर झालं, की पुन्हा लावते, एका कानाला. दुसरा कान मोकळा.

बाहेरच्यांना कल्पना नसते, पण पाठीतल्या भुलीत माणूस टक्क जागा असतो. पडद्याच्या या बाजूला त्याला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. ट्रेमध्ये पडणारी कात्री. रक्त ओढणाऱ्या नळीचा घुरघुराट. रक्त थांबवायला चटका देणाऱ्या कॉटरी यंत्राचा बीप आणि त्यापाठोपाठ जळका वास. डॉक्टरांचं आपसातलं बोलणं, ज्यातला ‘‘अरे, हे काय’’ एवढाच तुकडा त्याच्या कानी पडला तर तो उरलेलं ऑपरेशन त्याचाच अर्थ लावत पडून राहतो. संगीत इथे पडद्याचं काम करतं. म्हणून थिएटरमध्ये गाणी लावायचीच असतील तर ती रुग्णाच्या आवडीची असावीत असं माझं ठाम मत आहे. निदान तो जागा असेल तेव्हा.

थिएटरात संगीत ही अलीकडची टूम नव्हे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे सर्जन इव्हान केन यांनी १९१४ मध्येच तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की आपण थिएटरात फोनोग्राफ ठेवतो, रुग्णाचं लक्ष त्यात गुंततं. याच केननी १९२१ मध्ये जागेपणी स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. जागा रुग्ण कशातून जातो हे कळण्यासाठी इतकं करायला नको होतं, पण त्यांना ते नक्की कळलं असणार.

पूर्ण भूल दिलेल्या माणसालाही याचा फायदा होतो का? २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा, जवळपास ७,००० रुग्णांचा मिळून आढावा आला. ऑपरेशननंतरचं दुखणं, भीती आणि वेदनाशामकांची गरज, तिन्ही संगीताने कमी झालेली दिसली. झोपलेल्या माणसाला ऐकवलं तरीही. आपल्याकडे दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेज आणि लोकनायक रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढायच्या ५६ रुग्णांवर असा अभ्यास झाला. पूर्ण भुलीत ज्यांना बासरी किंवा पियानो ऐकवला, त्यांना भुलीचं औषध कमी लागलं.

लॅन्सेटच्या त्या आढाव्यात एक गोष्ट माझ्या विरोधात जाते, तीही सांगते. संगीत रुग्णाने निवडलं की दुसऱ्याने, याने निकालात फारसा फरक पडला नाही. रुग्णालयातले दिवसही कमी झाले नाहीत. आकडे तसं म्हणत असतील तर ते खरं. मी तरीही विचारते. दुखणं तेवढंच कमी होणार असेल, तरी विचारलेला माणूस आणि न विचारलेला माणूस यांची मान उशीवर वेगळी टेकते.

बाबाजींच्या ऑपरेशनला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागला. मध्ये एकदा त्यांनी मला खूण केली. वाटलं दुखतंय. म्हणाले, ‘‘थे मागचं पुन्हा लावा जी.’’

दुपारी १२

नगरधनच्या बाई. आता माझं काम बोलण्याचं. उशाशी स्टूल घेऊन बसते, एक हात त्यांच्या खांद्यावर, आणि डॉक्टर करतील ते एका वाक्यात सांगत जाते. आता पोट पुसतायत, गार लागेल. आता ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. आता मशीनचा आवाज येईल, तो दरवेळी येतो. खोटं काहीच सांगायचं नाही. ‘काही होणार नाही’ हे वाक्य मी थिएटरात वापरत नाही. काहीतरी होतच असतं, आणि रुग्णाला ते जाणवतं.

त्यांना मुलगी जवळ हवी होती. थिएटरच्या लाल रेषेपर्यंत ती आली, पुढे नेता येत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने रुग्णालय बांधण्याआधी तिथल्या गोंड लोकांनाच विचारलं होतं की तुम्हाला दवाखान्याची भीती कशाने वाटते. लोक म्हणाले, पांढरे कपडे घातलेली माणसं बघून, कारण पांढरं कापड आम्ही मेलेल्यावर घालतो. म्हणाले, नातेवाइकांना बाहेर काढतात म्हणून, आणि तिथे आमचा देव नसतो म्हणून. मग शोधग्राम या ‘सर्च’च्या परिसरात झोपड्यांसारखं रुग्णालय झालं, दंतेश्वरी मातेच्या नावाचं, जिथे घरची माणसं सोबत राहू शकतात. मालिश आणि संगीत याविषयी मी जे काही वाचलंय, त्याहून मला या विचारण्यातून जास्त शिकायला मिळालं. इमारत बदलायची ताकद आमच्यात नाही. लाल रेषेपर्यंत मुलीचा हात आणि रेषेच्या आत माझा, इतकं जमवता येतं.

दुपारी १.३०

सीझर. मनसरहून रुग्णवाहिकेने आणलेली पहिलटकरीण, बाळाचे ठोके मंदावलेले. इथे कसले हेडफोन आणि कसला हात चोळणं. पाच मिनिटांत टेबलावर. मी तिच्या कपाळावर तळवा ठेवून डोळ्यांत बघत ‘‘माझ्याकडे बघ, श्वास घे’’ एवढंच म्हणत राहिले. बाळ रडलं, आई शुद्धीत आहे, दोघं ठीक. पुढे.

दुपारी ३

जेवण उभ्यानेच. भाकरी, वांग्याची भाजी, मावशींनी दिलेला लोणच्याचा खार.

बाबाजी रिकव्हरीत. पाठीतल्या भुलीनंतर हुडहुडी भरते, दात वाजतात. हिवाळ्यात तर हमखास. नातेवाइकांना वाटतं ताप चढला. गरम केलेली ब्लँकेटं, पायमोजे. आणि इथेच मुलगा तेलाची बाटली घेऊन पुढे आला. ‘‘पाय दाबून देऊ का, सिस्टर? बधिर झालेत म्हणतेत.’’

नाही. हे मी दारावर लिहून लावलं आहे आणि तरी रोज सांगावं लागतं. भूल उतरेपर्यंत पायांना संवेदना नसते; जोर जास्त झाला, शेक चटका देणारा झाला, तरी रुग्णाला कळत नाही. आणि पोटऱ्या तर ऑपरेशननंतर चोळायच्याच नाहीत. पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी धरलेली असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. एक पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर आधी डॉक्टरला बोलवायचं. जखमेजवळ नाही, सलाईनच्या हातावर नाही, ताप असताना नाही. मालिश उपचार आहे असं म्हणायचं असेल तर त्याची पथ्यंही उपचारासारखीच पाळायला हवीत.

मुलाला मी तळहात दाखवला. बापाचा हात हातात घ्यायला तो अवघडला. शेतात खांद्याला खांदा लावून राबणारे हे दोघे, पण एकमेकांना हात लावायची सवय नाही. मी पाठ फिरवून ब्लँकेटं आवरत बसले, म्हणजे त्याला बरं पडेल.

दुपारी ४.३०

आता खाणीतला तो कामगार. आजचं माझं मुख्य काम हेच आहे.

दहापैकी किती दुखतं असा प्रश्न आमच्या इथे चालत नाही, म्हणून मी आणे विचारते. आण्यांचा व्यवहार कधीच गेला, पण ‘सोळा आणे’ बोलण्यात अजून जिवंत आहे. ‘‘बारा आणे,’’ तो म्हणाला. वेदनाशामक इंजेक्शनची वेळ झाली होती, ते आधी दिलं. माझे हात औषधाच्या जोडीला आहेत, औषधाच्या जागी नाहीत. ‘मालिश करून घ्या, गोळी कशाला’ असं कुणी म्हटलं तर मला संताप येतो.

अर्ध्या तासाने त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे जेवणाचं टेबल, त्यावर उशी, उशीवर डोकं. पोटाच्या टाक्यांवर घडी केलेला टॉवेल त्याच्याच हाताने दाबून धरायला लावला. पाठ समोर आली. वर्षानुवर्षं वजन उचललेली पाठ, खांद्यांशी दगडासारखी. पोट दुखतं म्हणून तो तीन दिवस पुढे वाकून, खांदे आवळून पडला होता, आणि अर्धं दुखणं आता तिथेच होतं. कोमट जवसाचं तेल, तळव्यांनी कमरेपासून मानेपर्यंत सावकाश वर, खांद्यांवरून बाहेर, पुन्हा खाली. वीस मिनिटं.

ही वीस मिनिटं मी मनाने ठरवलेली नाहीत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६०५ जणांवर एक चाचणी झाली, २००७ साली छापून आली. मोठ्या ऑपरेशननंतर पाच दिवसांपर्यंत रोज संध्याकाळी वीस मिनिटं पाठीचं मालिश. एका गटाला नेहमीचे उपचार, एका गटाला मालिश, आणि तिसऱ्या गटाजवळ मालिश करणारी व्यक्ती तेवढाच वेळ नुसती बसली, बोलली. मालिशवाल्यांचं दुखणं नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा लवकर उतरलं, त्या त्या वेळची बेचैनीही घटली. अफूजन्य वेदनाशामकं मात्र तेवढीच लागली, आणि घरीही कुणी लवकर गेलं नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. वीस मिनिटांच्या हाताने चमत्कार होत नाही. रात्र जरा सुसह्य होते.

हे घडतं कसं, याचं एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दार असतं, आणि स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू जागे झाले की ते दार काही अंशी लोटलं जातं. गुडघा आपटल्यावर आपण तो चोळतो, ते यामुळेच.

परिचारिकांना हे काम नवं नाही. आमच्या प्रशिक्षणात पाठीची निगा रोजच्या कामात होती: कूस बदलायची, पाठ पुसायची, चोळायची, पावडर लावायची. पडून राहणाऱ्याला जखमा होऊ नयेत हा हेतू. मग एका पाळीत रुग्ण वाढत गेले, कागद वाढत गेले, आणि सर्वांत आधी सुटलं ते हे. आज ‘टच थेरपी’ म्हणून महागड्या रुग्णालयांत तेच विकत मिळतं. सरकारी असो वा खासगी, खाटांमागे परिचारिका पुरेशा नसतील तर कुणीही कुणाची पाठ चोळू शकणार नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

म्हणून मी घरच्यांना शिकवते. त्याची बायको शेजारी उभी होती, सासूही. बायको पुढे झाली आणि थांबली. सासूसमोर नवऱ्याच्या पाठीला हात लावायचा संकोच. उलट प्रसंगी तर अधिक कठीण. बाळंतिणीचे हात-पाय नवऱ्याने चोळावे म्हटलं की सगळा वॉर्ड बघायला लागतो. मी सासूबाईंनाच म्हटलं, आजी, तुम्ही शिकवा हिला, बाळंतिणीला कसं चोळत होता तसं. त्या लगेच सरसावल्या. ‘‘अवं असं नाही, तळव्यानं. बोटं नको टोचू.’’ अगदी बरोबर सांगत होत्या.

‘‘आता किती आणे?’’ ‘‘आठ.’’ मग मी त्याला टॉवेल दाबून खोकायला लावलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी कफ सुटला. पिवळट, चिकट, वाटीभर नाही पण पुरेसा. आज दिवसभरात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो याचा.

संध्याकाळी ६

भेटीची वेळ. सगळा वॉर्ड मोबाइलने भरतो. एका खाटेवर मालिका, दुसरीवर रील्स, तिसरीकडे लग्नाचं गाणं. संगीत बरं करतं असं सांगणाऱ्यांनी या वेळी इथे येऊन बसावं. दुसऱ्याने लादलेला सूर हा गोंगाटच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी परिचर्येच्या पुस्तकात लिहिलं होतं की आजाऱ्याला सलग लांबणारा स्वर, म्हणजे गळा, बासरीसारखी वाद्यं, तंतुवाद्यं, मानवतात, आणि पियानोसारखे तुटक सूर त्रास देतात. तुटक सुरांबाबत दिल्लीचा अभ्यास वेगळं सांगतो, पण आजारी माणसाच्या कानाचा विचार करणं ही नर्सची जबाबदारी आहे, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. मी खाटाखाटांवर जाऊन आवाज बंद करायला लावते. वाईटपणा येतो, तो घ्यायचा.

बाबाजींचं पाऊल हललं, नगरधनच्या बाईंची मुलगी आता त्यांच्या उशाशी आहे, आईचे केस विंचरतेय. तेही चालतं. तेही मोजायला हवं.

स्पर्श म्हटला की मला सेवाग्राम आठवतं. ते इथून फार लांब नाही, वर्ध्याच्या अलीकडेच. तिथे परचुरे शास्त्री नावाचे कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींनी आपल्या कुटीजवळच कुटी बांधून दिली, आणि त्यांच्या अंगाला मालिश करायला स्वतः जात. त्या काळी कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळत. त्या मालिशने रोग हटणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक असणार. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना मी परचुरे कुटी बघून यायला सांगते, आणि आल्यावर आधी त्यांच्याकडून हात गरम करून घेते.

संध्याकाळी ७.३०

रात्रपाळीला सुपूर्द करायची वही. बाबाजी: लघवी झाली, दुखणं चार आणे, रात्री भजन मागितलं तर हेडफोन कपाटात डावीकडे, अर्धा तास पुरे. नगरधनच्या बाई: कानात काही नको, इंजेक्शन देण्याआधी सांगावे, मगच सुई. बाळंतीण: बाळ छातीशी द्यावे, पायांना सूज येते का ते दर दोन तासांनी पाहावे. खाणकामगार: नऊ वाजता पुन्हा खोकायला लावणे, टॉवेल उशाशी आहे, सासूबाईंना जमतं.

उद्याच्या यादीत पहिलं नाव मोतीबिंदूच्या एका आजींचं आहे. कानाला यंत्र लावतात. ते नेहमी वॉर्डातच काढून डबीत ठेवलं जातं, आणि मग आत नेलेल्या माणसाला ना आवाज, ना पडद्याखाली काही दिसत. उद्या यंत्र टेबलापर्यंत राहू द्यावं, डोळा बधिर करणारं इंजेक्शन समजावून झाल्यावरच काढावं, आणि पुढे पूर्ण वेळ एकीने त्यांचा डावा हात धरून बसावं: एकदा दाबला म्हणजे स्थिर राहा, दोनदा दाबला म्हणजे झालं. ही खूण आजींना सकाळी सात वाजता शिकवायची आहे. लाल शाईने लिहून मी डॉक्टरांची सही घेतली.